पुसलेला टायर

१२ जानेवारी

दादा,

तू फोन उचलत नाहीस म्हणून लिहितोय. पत्र फाडायचं झालं तरी आधी उघडावं लागतं, तेवढ्यात दोन ओळी डोळ्यांखालून जातील, असा माझा हिशेब.

इकडे सगळं ठीक. भिंगरी मजेत आहे. तुझी मुलगी माझ्या घरी राहते याचा तुला राग आहे हे ठाऊक आहे मला, पण मी तिला ओढून ठेवलेली नाही. आपल्या वर्कशॉपच्या वाटण्या झाल्या त्याच दिवशी तिने सांगितलं होतं की तिला शर्यतीत मोटरसायकल चालवायचीय आणि तसल्या गाड्या काका बांधतो. तू पंपांच्या कारखान्यात निघून गेलास, ती इथे राहिली. आमच्या हिचा तर तिच्यावर माझ्यापेक्षा जास्त जीव आहे. तिच्या खोलीत पाऊल टाकायचं तर मलासुद्धा पाय पुसून जावं लागतं.

तर गोष्ट अशी. तिच्या गाडीचं इंजिन मी यंदा मोठं केलंय. सिलिंडर एकच, पण पिस्टन असा दांडगा की हातात घेतला की तुझी आठवण आली. ताकद छान मिळाली, आणि दुखणंही नवं मिळालं. तेल गळतं. हेडच्या गॅस्केटमधून, क्रँकच्या सीलमधून, जिथून वाट सापडेल तिथून. हिने परवा विचारलं, नवं कोरं इंजिन आणि गळतं कसं? मी समजावलं की पिस्टन खाली येतो तेव्हा खालच्या पेटीतली हवा दाबली जाते. तिला बाहेर पडायला नीट वाट नसेल तर ती सील उचकटून वाट काढते आणि जाताना तेलही घेऊन जाते. म्हणून इंजिनला श्वास सोडायला एक नळी लागते, तिला ब्रीदर म्हणतात. ही म्हणाली, म्हणजे तुमच्यासारखंच, बोलू दिलं नाही की कुठूनही बाहेर पडतं.

कंपनीचा ब्रीदर या इंजिनला पुरत नाही. नवा मी स्वतः आखतोय. पेटीच्या तोंडालाच एकमार्गी झडप, म्हणजे हवा बाहेर जाईल, परत आत येणार नाही. पुढे जाड नळी, मग हवेबरोबर आलेलं तेल पकडायला एक डबी, आणि डबीतून उरलेली हवा बाहेर. झडपेचं जमलंय. डबी कुठे बसवावी आणि केवढी करावी, इथे गाडी अडलीय. विचारतोय असं समजू नकोस. सहज लिहिलं.

तुझा
धाकटा


३० जानेवारी

दादा,

तू मला उत्तर द्यायचं नाही म्हणून दिलं नाहीस, आणि भिंगरीला फोनवर सगळं सांगितलंस. तिने वहीत उतरवून घेतल्यासारखं घडाघडा म्हणून दाखवलं: "त्याला सांग, डबी सीटखाली उंचावर बसव. लिटरभराची तरी कर. आणि बाहेर जाणाऱ्या नळीचं तोंड मागच्या चाकाच्या पुढे कुठेही येऊ देऊ नकोस." "त्याला" म्हणजे मी. तुला सख्खा भाऊ आहे हे शब्दात यायला नको, एवढी काळजी घेतलीस.

आभारी आहे. पण मी डबी केली होती तोवर. लेथवर ॲल्युमिनियमच्या गोळ्यातून काढली, मुठीत मावेल एवढी, बाहेरून थंड व्हायला बारीक पट्ट्या, आत तेल अडवायला दोन पडदे. गिअरबॉक्सच्या मागे अशी बसलीय की जणू गाडी तिथूनच सुरू झाली. सीटखाली लिटरभराची डबी ठेवायची तर शेपटाचा सगळा आकारच बिघडतो, कुणी दुधाची किटली बांधून आणल्यासारखी दिसते गाडी. तू पंपवाला, तुला ते चालेल.

आणि तपासून पाहिलंय. गाडी स्टँडवर उभी करून इंजिन पूर्ण ताणलं, खाली कागद पसरला. गॅस्केट कोरडं, सील कोरडं, कागद कोरडा. शेजारपाजारचे तीन वर्कशॉपवाले येऊन बघून गेले. स्पेअर पार्टच्या दुकानदाराने फोटो काढले आणि म्हणाला, अशा अजून कराल का? मी म्हटलं, बघू. आतून मात्र पार फुगलो होतो.

जाताना तू म्हणाला होतास की मला कामापेक्षा शाबासकी जास्त आवडते. मी ते विसरलेलो नाही. मिळत असेल तर नको कशाला म्हणायचं? भिंगरीने विचारलं खरं, बाबा म्हणाले तसं का नाही केलं? मी म्हटलं, बाबांना पंप कळतात. ती हसली नाही.

तुझा
धाकटा


१५ फेब्रुवारी

दादा,

आधी हे वाच: भिंगरी ठीक आहे. कॉलरबोन मोडलंय, बाकी खरचटणं. डॉक्टर म्हणाले, तरुण हाड आहे, धरेल. ही तिच्याजवळ बसून आहे.

काल सरावाच्या ट्रॅकवर लांबच्या डाव्या वळणात गाडी मागून सुटली. सराव नेहमीपेक्षा लांबला होता. असं होतं, मोठ्या मोठ्यांचं होतं. वळणातून निघताना तिने गॅस जरा लवकर दिला. टायरही नवा होता. वय लहान, हात उतावळा, त्यात इंजिनची नवी ताकद. मी तिला आधीच सांगितलं होतं की या इंजिनला सबुरीने घे. सांगितलं होतं की नाही आता नीट आठवत नाही, पण सांगितलं असणार.

गाडीचं फार नुकसान नाही. गाडीत काही दोष नव्हता. मी पाहिली.

तू तिला फोन कर. रागावू नकोस. म्हणजे रागवायचं तर थोडं रागाव, कळायला हवं तिलाही. मला काय लिहावं सुचत नाहीये.

तुझा
धाकटा


६ मार्च

दादा,

तुझा फोन झाल्यापासून भिंगरी गाडीच्या खोलीत आलेली नाही.

तू तिला काय बोललास ते तिने हिला सांगितलं, हिने मला. "तुझा हात तसला नाही. काका कौतुक करतो म्हणून खरं मानू नकोस. हाडं मोडून घेण्यापेक्षा परत ये." तिने रडून गोंधळ घातला असता तर मला बरं वाटलं असतं. ती फक्त हो म्हणाली. हेल्मेट कपाटावर ठेवून दिलंय, मे महिन्यातल्या शर्यतीतून नाव काढायचं म्हणतेय, आणि एप्रिल संपला की तुझ्याकडे येऊन कारखान्याच्या ऑफिसात लागायचं असं तुमचं दोघांचं ठरलंय. ट्रॅकवरची पोरं तिला घसरगुंडी म्हणतात. परवा माझ्यासमोर म्हणाली आणि मी मूग गिळून उभा राहिलो.

दादा, तिचा हात उतावळा नव्हता. नळीतून तेल आलं.

ती पडली तेव्हा मी ट्रॅकच्या कडेला होतो. धावलो. ती मातीत खांदा धरून बसली होती, शुद्धीवर होती, माझ्याकडे बघत होती. आणि मी आधी गाडीकडे गेलो. तिच्याकडे नाही. पळत असतानाच मला दिसलं होतं, मागच्या टायरची डावी कड चमकत होती. बोट लावलं. तेल. नळीच्या तोंडाशी थेंब लटकत होता. माझ्या मागच्या खिशात फडकं असतंच, तुला माहितेय. मी टायर पुसला. घोटून पुसला. वर माती चोळली. नळीचं तोंड पुसलं. मग तिच्याकडे गेलो.

तिने विचारलं, काका, काय झालं? मी म्हटलं, लवकर गॅस दिलास. पोरीने मान हलवली. तिला वाटणारच ना, गाडी बांधणारा सांगतोय.

मी मुद्दाम असं ठरवून गेलो नव्हतो. हे सांगून काय उपयोग, पण नव्हतो ठरवलं. दुकानदार तिथे होता, वर्कशॉपवाले होते, सगळे माझी डबी बघून वाहवा करून गेलेले. ते येऊन पोचायच्या आत पुसायचं, एवढंच डोक्यात होतं. आणि दुसऱ्या दिवशी तुला पत्र लिहिताना मी शांत बसून लिहिलं. तिथे घाई नव्हती, कुणी बघत नव्हतं, तरी तेच लिहिलं. पहिल्यापेक्षा मला दुसऱ्याची जास्त लाज वाटते. माझ्या त्या पत्रावर विसंबून तू तिला बोललास.

तिने गाडीच्या खोलीत यायचं बंद केल्यावर मी डबी काढली आणि सीटखाली मोठी बसवली, तू सांगितली होतीस तशीच. कुणी विचारलं नाही. शेपूट वाईट दिसत नाही. उगाच बोलत होतो.

तिला सांगायला हवं. आज सांगतो.


२९ मार्च

दादा,

मागचं पत्र टाकलेलं नाही. तीन आठवडे खिशात फिरवलं. पेटीपर्यंत जाऊन परत आलो आहे, ते किती वेळा ते सांगत नाही. आता दोन्ही एकत्रच पाठवीन असं म्हणतो.

तिला मात्र सांगितलं. उशिरा, पण सांगितलं. ती स्वयंपाकघरात टेबलाशी बसून उजव्या हाताने भाजी निवडत होती, डावा अजून झोळीत. ही बाहेर गेली होती. मी खुर्ची ओढून बसलो आणि सगळं बोललो. डबी लहान होती, नळीचं तोंड चाकापुढे होतं, बाबांनी नको सांगितलेलं मी तेच केलं, टायरवर तेल होतं, मी पुसलं. बोलताना मी टेबलाकडे बघत होतो. वाटलं, आता ताट फेकेल. फेकावं असंही वाटत होतं.

तिने भाजी बाजूला ठेवली आणि माझा हात हातात घेतला. म्हणाली, "काका, तुम्ही फार चांगले आहात. मला वाईट वाटू नये म्हणून स्वतःच्या कामाला नावं ठेवताय. तुम्हाला तुमचं काम केवढं प्रिय आहे ते मला माहितेय. थँक्यू काका." आणि रडली. पडल्यापासून पहिल्यांदा रडली.

दादा, जन्मभर शाबासकीला हपापलेला माणूस मी. ही मिळाली तेव्हा जमिनीत गडप व्हावंसं वाटलं. मी पुन्हा पुन्हा सांगत राहिलो आणि जितकं सांगावं तितका मी तिच्या डोळ्यांत मोठा होत गेलो. ती म्हणाली, बाबा उगाच बोलणारे नाहीत, त्यांना माझा हात लहानपणापासून ठाऊक आहे.

मग मी तिला हाताला धरून गाडीच्या खोलीत नेलं. जुनी डबी, जुनी नळी परत जशीच्या तशी लावली. स्टँडवर घेऊन इंजिन ताणलं, खाली कागद. आता दिसेल म्हणून दोघं बघत बसलो. एक थेंब पडला नाही. कागद कोरडा. ती माझ्याकडे बघून हसली, समजूतदारपणे, मोठ्या माणसासारखी. पुरे काका, म्हणाली, आणि गेली.

मीच चक्रावलो. दुसऱ्या दिवशी डबी काढली, तिच्यात तेल ओतलं आणि हातात धरली. सरळ धरली की पडदे तेल अडवतात. डावीकडे कलती केली की तेल पडद्यांना वळसा घालून थेट बाहेरच्या भोकावर येतं. मी ती आखली सरळ कागदावर, केली सरळ लेथवर, तपासली सरळ स्टँडवर. मोटरसायकल वळणात आडवी होते हे मी, तीस वर्षं याच धंद्यात घालवलेला माणूस, विसरलो. लांबच्या सरावात डबी भरत आली असणार आणि डाव्या वळणात तिने पोट मोकळं केलं असणार.

खरं सांगू? क्षणभर मला सुटल्यासारखंही वाटलं होतं. मी सांगितलं, तिने मानलं नाही, माझ्याकडून विषय संपला. ती तुझ्याकडे जाईल, ऑफिसात बसेल, सणासुदीला मला फोन करून तब्येत विचारेल आणि शेवटपर्यंत मला चांगला समजेल. तसं चालून गेलं असतं. हे हिला मी बोलून दाखवलं. सगळंच सांगितलं होतं मग तिलाही. ती म्हणाली, पोरगी जन्मभर स्वतःला नालायक समजेल आणि तुम्ही तिचे नमस्कार घेत बसाल? तेव्हापासून ती माझ्याशी कामापुरतं बोलते.


२० एप्रिल

दादा,

झोळी निघाली. हाड धरलंय, डॉक्टरांनी हात फिरवून घेतला आणि सोडलं.

काल मी भिंगरीला म्हटलं, जाण्याआधी एकदा माझ्याबरोबर ट्रॅकवर चल, गाडी मी चालवणार, तू फक्त बघ. जुनी डबी परत लावली होती. मागच्या टायरच्या डाव्या अंगाला, चाकाला लागणार नाही असा, पांढरा पुठ्ठा बांधला. तेल आलं तर त्यावर दिसणार. ही पण आली, कधी नव्हे ती. ट्रॅकवर दुसरं कुणी नव्हतं.

मी गाडीवर बसलो. गुडघा दुखतो, पण ते निमित्त झालं. खरी गोष्ट ही की मला भीती वाटली. तेल कुठे सांडणार हे मला पक्कं ठाऊक होतं, त्यामुळे ते वळण आलं की माझा हात आपोआप आखडायचा. फेऱ्या मारत राहिलो, दूध घालायला निघाल्यासारखा. थांबलो, पुठ्ठा पाहिला, पांढराफटक. पुन्हा गेलो, पुन्हा तसाच. इंजिन ताणायचं नाही, गाडी कलवायची नाही, मग डबी भरणार कशी? भिंगरी कडेला उभी राहून आधी हसत होती. मग तिचं हसू गेलं आणि कपाळाला आठी पडली. तुझीच आठी, अगदी तीच.

"काका, उतरा. असं चालवून काय दिसणार?"

मी हँडल सोडेना. म्हटलं, पडशील. ती म्हणाली, "तुम्ही म्हणता ते खरं असेल तर मागचं चाक सुटलं पाहिजे. नाही सुटलं, तर हा विषय परत काढायचा नाही." मी हिच्याकडे पाहिलं. हिने आमच्या टेम्पोतून हेल्मेट काढून दिलं. कपाटावरचं हेल्मेट हिने न सांगता आणलं होतं.

मी हँडल सोडलं. हे मी काय केलं ते मला कळतं, दादा. जे मी भोगायला हवं होतं ते निस्तरायला मी परत तिलाच पाठवलं, नुकतं जुळलेलं हाड घेऊन. तुला माझी मान धरायची असेल तर पहिल्या वेळेपेक्षा याच्यासाठी धर.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या तिने बेताने घेतल्या. मग तिला राहवलं नसावं. आवाज वर चढला आणि ती पोरगी अशी चालवायला लागली की मी फेऱ्या मोजायचा विसरलो. त्या वळणात गाडी मागून हलली. मला दिसलं, हिला दिसलं, हिने माझा दंड घट्ट धरला. चाक बाहेर गेलं आणि भिंगरीने गॅस न सोडता, न घाबरता, गाडी हळूच वर उचलली आणि पुढे गेली. मला वाटलं, आता थांबेल. थांबली नाही. पुढच्या फेरीत त्याच वळणावर परत आली, परत चाक सुटलं, परत सावरलं. तिला माहीत होतं तिथे तेल आहे आणि ती ते तपासायला गेली होती.

आली, उतरली, हेल्मेट काढलं. पुठ्ठा तपकिरी झाला होता, खालच्या कडेने तेल ओघळत होतं. तिने टायरच्या कडेवर बोट फिरवलं, बोटं एकमेकांवर चोळली, वास घेतला. बराच वेळ वाकूनच राहिली.

मग विचारलं, "तेव्हाही एवढंच होतं?"

"जास्त होतं."

"आणि तुम्ही पुसलंत."

"हो."

ती सरळ उभी राहिली. आवाज चढवला नाही. म्हणाली, "दोन महिने मी डोळे मिटले की स्वतःलाच पाडत होते. गॅस कुठे लवकर दिला ते शोधत होते. सापडतच नव्हतं." मग म्हणाली, "त्या दिवशी तुमचा हात धरून आभार मानले होते. ते मी परत घेते."

मी म्हटलं, घे.

परत येताना टेम्पोत ती हिच्याशेजारी बसली. घरी आल्यावर स्वतः पाना घेतला, डबी काढली, नळी काढली, दोन्ही धुऊन एका पिशवीत भरून आपल्या खोलीत नेली. मी मदतीला गेलो तर म्हणाली, राहू दे. मी सीटखाली बसवली होती ती मोठी डबीही तिला नको आहे, स्वतःची करतेय. कलती करून पाणी भरून बघते, मग पुढचा पडदा कापते. मी दारातून बघतो. तिने विचारलं तर सांगीन, पण ती विचारत नाही, आणि खरं तर तिचं बरोबर चाललंय.

शर्यतीतलं नाव तिने काढलेलं नाही. आज सकाळी मी ट्रॅकवर जाऊन सगळ्यांसमोर सांगून आलो, दुकानदारासमोर, वर्कशॉपवाल्यांसमोर, घसरगुंडी म्हणणाऱ्या पोरांसमोर. दुकानदाराने फोनमधले फोटो माझ्यासमोर पुसले. संध्याकाळी भिंगरीला विचारलं, शर्यतीला मी येऊ का? नको म्हणाली. म्हणून मी जाणार नाही. ही जाईल.

तिन्ही पत्रं आता एकाच पाकिटात घालतोय आणि हे पाकीट टाकायला हीच येतेय माझ्याबरोबर, म्हणजे या वेळी परत येणार नाही.

एकच मागणं आहे. पुठ्ठा पाहिला, टायरला हात लावला, सगळं पटलं, तरी काल जेवताना ती हिला म्हणाली की बाबा म्हणतात माझा हात तसला नाही. म्हणजे माझं खोटं तिने काढून टाकलं, पण ते तुझ्या तोंडून गेलेलं आहे तेवढं तिच्यात अजून आहे, आणि ते माझ्याने निघत नाही. मी तिला घसरत्या चाकावर गाडी सावरताना पाहिलंय, दादा. तुझ्या-माझ्या दोघांच्या हातात मिळून तेवढं कसब नाही.

शर्यतीच्या आधी फोन कर. तिला कर, मला नको.

धाकटा